काकांचे रविवार

सोमवार, ३ मार्च

ही वही मला आमच्या लॅबमधल्या कॉम्प्युटरवालीने दिली. म्हणाली, "मॅडम, संध्याकाळी सहानंतर आम्हाला फोन करावासा वाटला की यात लिहायचं. उरलेलं सकाळी बोलू." पोरगी सव्वीस वर्षांची आणि मला गृहपाठ देते. मी छप्पन्न वर्षांची आणि तो निमूट घेते. काय दिवस आलेत!

तर लिहिते. सहा वाजून वीस मिनिटं झालीत आणि मला दात भाजणाऱ्या आमच्या भट्टीवाल्याला विचारायचंय की तो चार दातांचा ब्रिज त्याने खिडकीच्या उजेडात धरून बघितला का. ट्यूबलाइटखाली बघितला असेल तर रंग पिवळा निघणार. पण विचारायचं नाही. आजपासून नियम आहे.

आमची दातांची लॅब. डॉक्टर लोक पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवतात, आम्ही त्यावरून कॅप, ब्रिज, कवळ्या बनवतो आणि डबीत घालून परत धाडतो. पाच दिवसांत. दारावरच्या पाटीवरही तेच लिहिलंय. बावीस वर्षं मी इथली सुपरवायझर. कोण कधी येणार, भट्टीवर कोण, पॉलिशला कोण, रविवारी कुणाला बोलवायचं, हे सगळं माझ्या डोक्यात असायचं. शनिवारी संध्याकाळी मी फोन फिरवला की लोक रविवारी यायचे. कुरकुरत यायचे, पण यायचे.

गेल्या महिन्यात भट्टीवाल्याने राजीनामा आणून ठेवला. हा माझ्या हाताखाली तयार झालेला. नऊ वर्षांपूर्वी आला तेव्हा त्याला सुळा आणि दाढ यातला फरक सांगावा लागायचा. आज त्याने केलेला दात खऱ्या दातांच्या रांगेत बसवला तर डॉक्टरसुद्धा चष्मा पुसून बघतात. मोठ्या लॅबने त्याला बोलावलंय, जास्त पगारावर. मालक म्हणाले, "तेवढा मी देतो." तर हा म्हणतो, "पगार नको. बुधवार आणि रविवार द्या. आणि दिलेला परत मागू नका." बुधवारी बायको कामावर असते, मुलगी दोन वर्षांची, तिला हा सांभाळणार. आमच्या वेळी असं कुणी बोललं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं.

एकाने तोंड उघडल्यावर बाकीच्यांनाही कंठ फुटला. कॉम्प्युटरवालीने सहाही जणांच्या वतीने पत्र लिहिलं. पाळ्यांचा तक्ता आमचा आम्ही भरणार, दोन आठवडे आधी भरणार. सहानंतर फोन नाही. आणि पॉलिशवाले काका निवृत्त झाले, त्यांच्या जागी नवा माणूस घ्या. मालक तरुण आहेत, वडिलांच्या मागे लॅब चालवतात. त्यांनी बारा आठवडे करून बघू म्हटलं. डब्या वेळेवर गेल्या तर हीच पद्धत कायम, नव्या माणसाचंही तेव्हाच बघू. उशिरा गेल्या तर जुना तक्ता परत.

जुना तक्ता परत आला की भट्टीवाला जाणार. हे त्याने मला स्वतः सांगितलंय, खाली मान घालून. मला तो जायला नकोय. बाकी तत्त्वं वगैरे त्या पोरीने सांभाळावीत.

शुक्रवार, ७ मार्च

नवा तक्ता लॅबच्या आतल्या बोळातल्या भिंतीवर लागला. भलामोठा कागद, दोन आठवड्यांचे चौकोन, आणि शेजारी दोरीला बांधलेली रंगीत पेनं. प्रत्येकाचा रंग वेगळा. प्लास्टरच्या खोलीतल्या दोघींनी आपापसांत मिटवून टाकलं, एकीची सकाळ, एकीची दुपार. कवळीवाले दोघं तर हसत हसत भरत होते. बावीस वर्षांत माझ्या तक्त्यापुढे कुणी हसलेलं मला आठवत नाही.

सगळं भरून झालं आणि पॉलिशची रांग जवळपास कोरी राहिली. काका नाहीत, मग भरणार कोण? इतरांनी थोडं थोडं वाटून घेतलं तरी शनिवार दुपार आणि अख्खा रविवार रिकामा. मी म्हटलं, "आणि हे?"

कॉम्प्युटरवाली म्हणाली, "ते तसेच राहू द्या मॅडम. कुठे माणूस कमी आहे ते मालकांना दिसू दे."

दिसू दे म्हणे! माल अडला की दिसेल काय ते. ही पोरं अजून लहान आहेत. रिकामा चौकोन मला बघवत नाही.

रविवार, ९ मार्च

नुसती चक्कर मारायला गेले होते. भट्टीचा स्विच कुणी चालू ठेवला नाही ना, एवढंच बघायला. टेबलावर पॉलिशविना अकरा कामं पडलेली. मोटर पुसली, ब्रश लावला, म्हटलं एक करून बघू, हात राहिलाय का. हात राहिलाय. अकराच्या अकरा केली. प्रत्येक डबीच्या झाकणावर तारीख घातली, चिठ्ठ्या लावल्या. साडेचारला घरी.

ह्यांनी दार उघडलं. म्हणाले, "जेवण दोनदा गरम केलं." तिसऱ्यांदा मी केलं. कुठल्याशा चित्रांच्या प्रदर्शनाची दोन तिकिटं आणली होती म्हणे, आजचीच. एक वाया गेलं. आधी सांगायचं ना.

सोमवार, १० मार्च

पंचाईत. सकाळी कॉम्प्युटरवाली टेबलापाशी उभी. "हे पॉलिश कुणी केलं?"

खरं सांगितलं असतं तर तिने पुन्हा भाषण दिलं असतं. मालकांपर्यंत गेलं असतं की बघा, यांचं यांना जमत नाही, सुपरवायझरला यावं लागतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "काका येऊन गेले. घरी करमत नाही त्यांना. येत जाईन म्हणाले रविवारी."

"अय्या, गोड आहेत हो काका!" म्हणाली. भट्टीवालाही हसला. मी लगेच तक्त्यावर पॉलिशच्या रिकाम्या चौकोनांत काळ्या पेनाने लिहिलं, 'काका'. लिहिल्यावर बरं वाटलं. कुणाचं काही बिघडलं नाही, झालं.

मंगळवार, १८ मार्च

सहानंतर फोन करावासा वाटलेल्या गोष्टी: भट्टी, रंग, पुन्हा भट्टी. केला नाही.

रविवार, २३ मार्च

चौदा कामं. कंबर धरली. घरी सांगितलं की लॅबमध्ये हिशेबनीस येणार होता. हे "बरं" म्हणाले. हे आताशा सगळ्यालाच "बरं" म्हणतात. निवृत्त झाल्यापासून माणूस फारच शांत झालाय, त्यांना एखादा नाद लावायला हवा. माझ्याकडे वेळ असता तर मीच काहीतरी बघितलं असतं.

बुधवार, २ एप्रिल

भट्टीवाला नाही, त्याचा बुधवार. दुपारी एका कॅपचा रंग जुळेना. माझा हात तीनदा फोनकडे गेला. शेवटी स्वतः खिडकीत जाऊन बसले, रंगांचे नमुने घेऊन, एकेक दाताशेजारी धरून. पाऊण तास लागला. जुळला. पूर्वी हे मीच करायचे, विसरले होते. छान वाटलं, खोटं कशाला बोलू.

गुरुवारी त्याने ती कॅप बघितली आणि म्हणाला, "मॅडम, हे तुमचंय. ओळखलं." मग फोनमधला मुलीचा फोटो दाखवला, डोक्यावर भांडं घालून बसलेली. बुधवारी ही दोघं एवढंच करतात म्हणे. पाच मिनिटं फोटो बघत बसलो, काम सोडून. मीही घड्याळ बघितलं नाही.

(हे गुरुवारचं बुधवारच्या तारखेखाली लिहिलंय. असो.)

रविवार, १३ एप्रिल

शनिवारी दुपारी सगळे गेल्यावरही काका. रविवारीही काका. काकांचे हात दुखायला लागलेत. नखांत पॉलिशची पांढरी पावडर बसलीये, साबणाने जात नाही.

सगळे खूश आहेत. प्लास्टरवालीने शिवणाचा क्लास लावला. कवळीवाल्याने दोन आठवडे आधी सुट्टी लिहिली आणि गेलाही, आईला घेऊन कुठेतरी. एकाचीही डबी उशिरा नाही. मालकांनी मला बोलावून सांगितलं, "मॅडम, मला वाटलं होतं सगळ्याचे बारा वाजणार. तुम्ही छान सांभाळलंत." मी मान डोलावली. मनात म्हटलं, सांभाळलंच आहे.

मग एवढी चिडचिड का होतेय माझी? आज ह्यांच्यावर चहात साखर कमी म्हणून ओरडले. साखर बरोबर होती.

सोमवार, २८ एप्रिल

काल सतरा कामं. दुपारी एकदा मोटर बंद करून नुसती बसले. एवढी मोठी लॅब, आणि रस्त्यावरून मुलं खेळताना ओरडल्याचा आवाज. मी कुणासाठी करतेय हे? भट्टीवाल्यासाठी. त्याला ठाऊक नाही, त्यामुळे आभार मानायचा प्रश्नच नाही. मला आभार नकोतच. पण कुणीतरी एकदा विचारावं की मॅडम, तुम्ही थकल्यासारख्या दिसता. कुणी विचारत नाही. सगळ्यांचं आपापलं वेळेवर सुटतं.

ह्यांनी विचारलं होतं तसं, शनिवारी. ते धरत नाही.

शुक्रवार, २ मे

पायाखालची जमीन सरकली आज.

मालकांनी सगळ्यांना बोळात जमवलं, तक्त्यासमोर. म्हणाले, नऊ आठवडे झाले, काम वेळेवर आहे, आनंद आहे. पद्धत बहुधा कायम करू. कॉम्प्युटरवालीने विचारलं, "आणि पॉलिशचा नवा माणूस?"

मालकांनी तक्त्यावर बोट ठेवलं. "काका येतायत की! सगळे चौकोन भरलेले आहेत. माणूस कमी कुठे आहे? ती जागा मी रद्द करतोय."

त्या पोरीचं तोंड एवढंसं झालं. वाटलं आत्ता सांगून टाकावं. पण सांगितलं तर मालक म्हणणार, म्हणजे प्रयोग फसला, जुना तक्ता परत, आणि भट्टीवाला जाणार. नाही सांगितलं तर पुढचे सगळे रविवार काकांचे, म्हणजे माझे, कायमचे. मी तोंडाला कुलूप लावून उभी राहिले.

नंतर कॉम्प्युटरवाली म्हणाली, "मी काकांशीच बोलते. त्यांना म्हणते, प्रेमाने येता ते ठीक आहे, पण तुमच्या येण्याने एका माणसाची नोकरी गेली."

मी म्हटलं, "सहानंतर फोन करायचा नाही असा तुमचाच नियम आहे ना?"

"मॅडम, आत्ता तीन वाजलेत," म्हणाली.

सोमवार, ५ मे

काका आले. अकरा वाजता, इस्त्रीचा शर्ट घालून, सगळ्यांसाठी बिस्किटं घेऊन. फोनवर नीट ऐकू येत नाही म्हणून समक्ष आले म्हणे. कॉम्प्युटरवाली अगदी हळुवारपणे बोलायला लागली, "काका, तुमचे उपकार आहेत, पण दर रविवारी तुम्ही येता..."

"मी?" काका म्हणाले. "कुठे येतो?"

"इथे. पॉलिशला."

"अगं, पंचेचाळीस वर्षं आलो, तेवढं पुरे नाही का? रविवारी मी मुलीकडे असतो. इकडे कशाला तडमडू?"

मग काकांनी तक्ता वाचला. चष्मा वर केला, खाली केला. काळ्या पेनातलं आपलं नाव बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. माझं अक्षर त्यांना तीस पावलांवरून ओळखू येतं. बिचारे म्हणाले, "हां हां, येत असेन, वयोमानाने विसरायला होतं." तोवर भट्टीवाला माझ्या बोटांकडे बघत होता. नखांकडे.

कुणी आभार मानले नाहीत. मला वाटलं होतं, कधी कळलंच तर निदान कुणाच्या डोळ्यांत पाणी येईल. कॉम्प्युटरवाली चिडून तक्त्याकडे वळली. "मॅडम, तो रिकामा चौकोन हीच आमची मागणी होती. दर आठवड्याला आम्ही ती भिंतीवर लिहीत होतो आणि तुम्ही दर आठवड्याला ती खोडत होतात."

"मी तुमच्यासाठीच करत होते!" माझा आवाज चढला. "एक डबी उशिरा गेली असती तर काय झालं असतं? हा गेला असता!" आणि मी भट्टीवाल्याकडे हात केला.

त्याने माझ्या नखांवरून नजर वर घेतली. मग म्हणाला, "मॅडम, माझ्या हातात जे आहे ते सगळं तुम्ही दिलंय. पण मी बुधवार का मागितला माहितीये? आणखी चार वर्षं इथे राहिलो असतो तर मीही रविवारी चोरून यायला लागलो असतो. तेवढं एक मला शिकायचं नव्हतं."

नऊ वर्षं शिकवलं याला. नऊ वर्षं! तळपायाची आग मस्तकात गेलीये.

मंगळवार, ६ मे

कुणाशी बोलले नाही. मला कुणाची गरज नाही.

काकांनी आणलेली बिस्किटं मऊ पडली. शेवटी मीच बरणीत भरून ठेवली.

शुक्रवार, ९ मे

कॉम्प्युटरवाली केबिनमध्ये आली. या खेपेला भाषण नाही. म्हणाली, "उद्या आणि परवा तुम्ही येऊ नका. विनंती आहे. जे व्हायचं ते होऊ दे."

"आणि हा गेला तर?"

"जाईल. पण खऱ्या कारणाने जाईल."

तिने तक्त्यावरचा 'काका' पांढऱ्या पट्ट्यांनी झाकला. मी बघत उभी राहिले आणि तिला थांबवलं नाही. का, कोण जाणे.

रविवार, ११ मे

घरी. सकाळपासून तीन कपाटं आवरली. त्यातलं एक आवरलेलंच होतं. हे म्हणाले, "अगं, बस तरी." बसले. उठले. फोन ह्यांच्या खणात ठेवायला दिला आणि दहा मिनिटांनी मागितला. ह्यांनी दिला नाही, हसले. मला रडू आलं. लॅबमध्ये आत्ता कमीत कमी पंधरा कामं टेबलावर पडलीयेत, त्यावर धूळ बसतेय, आणि मी इथे चादरींच्या घड्या घालतेय.

हे मला म्हणाले, "तू गेल्या नऊ रविवारी कुठे जात होतीस ते मला माहीत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून तू थांबली असतीस?"

मी आणखी एक चादर घडी घालायला घेतली. हिशेबनीस रविवारी येत नाही, हे त्यांनाही कळतंच.

मंगळवार, १३ मे

नऊ डब्या उशिरा. बावीस वर्षांत असं झालं नाही. मालकांचा चेहरा लालबुंद. मी केबिनचं दार लावलं आणि सांगून टाकलं: काका कधीच येत नव्हते, मी येत होते. पॉलिशला माणूस खरोखरच कमी आहे.

मला वाटलं ते चिडतील, फसवलंत म्हणतील. ते अगदी सरळपणे म्हणाले, "मग या रविवारी का नाही आलात?"

विचारण्यासारखाच प्रश्न होता त्यांच्या दृष्टीने. मीही इतकी वर्षं शनिवारी फोनवर हाच प्रश्न विचारायचे. स्वतःच्या कानांनी ऐकला तेव्हा कळलं, कसा लागतो.

मग म्हणाले, एक तारखेपासून जुना तक्ता परत. डॉक्टर लोकांना काय तोंड दाखवणार? भट्टीवाल्याला बाहेर ऐकू गेलं. त्याने फक्त ब्रश पाण्यात बुडवला, झटकला आणि पुढच्या कामाला लागला.

बुधवार, १४ मे

आज स्वतः गेले. उशीर झालेल्या नऊपैकी पाच डब्या एकाच मोठ्या दवाखान्याच्या. म्हटलं, पाया पडायचं, पण तक्रार करू नका म्हणायचं. मालकांकडे तक्रार आली नाही तर कदाचित त्यांचं मन वळेल. वाटेत सगळं वाक्य वाक्य घोकून ठेवलं होतं.

समोर बसणारी बाई पेशंटची नावं लिहीत होती. मी पाच डब्या पुढे ठेवल्या आणि सुरू केलं, "माफ करा, दोन दिवस उशीर झाला, पुन्हा होणार नाही..."

तिने नुसतं वर बघितलं. "कसला उशीर? ठेवा ना, लावून टाकते." मागे वळली आणि कपाट उघडलं.

वरच्या फळीवर आमच्या डब्या. ओळीने. झाकणांवर माझं अक्षर. चार मे. चार मे. चार मे. एकीवर सत्तावीस एप्रिल. मागे एकीवर वीस. कुणी उघडलेल्याही नाहीत, चिकटपट्टी तशीच.

मी विचारलं, "हे पेशंट आले नाहीत?"

"येतील की. आम्ही माप घेतलं की पेशंटला दोन आठवड्यांनंतरची वेळ देतो, काहींना तर महिन्याने. हिरडीची सूज उतरावी लागते, डॉक्टरांच्या वेळा असतात. तुमचं फार लवकर येतं, आम्हाला ठेवायला जागा पुरत नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बसता का जरा? पाणी देऊ?"

बसले. पेशंटच्या बाकावर, गाल सुजलेल्या एका मुलाशेजारी. वीस एप्रिल. त्या दिवशी माझी कंबर इतकी दुखत होती की ही डबी मी उभ्याने बंद केली होती. आणि ती इथे कपाटात होती. कुणी वाट बघत नव्हतं. बावीस वर्षांत किती माणसांना मी रविवारी घरातून उठवून आणलं असेल? भट्टीवाल्याला लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी आणलं होतं. काकांना, बायको आजारी असताना. आणि मला कुणी आणलं? मला तर कुणी फोनसुद्धा केला नाही.

मी तिथे रडले. त्या मुलाला वाटलं माझा दात दुखतोय. म्हणाला, "आत गेल्यावर काही होत नाही, मला माहितीये."

शुक्रवार, १६ मे

काल लॅबमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं. मालकांसकट. मला वाटलं हसतील. कुणी हसलं नाही. कवळीवाला खुर्चीत बसलाच.

कॉम्प्युटरवालीने दिवसभरात आमच्या चौदाही दवाखान्यांना फोन केले. एकच प्रश्न, पेशंटला परत कधी बोलावता? कमीत कमी अकरा दिवस. बहुतेकांचे चौदा. खरोखरची घाई महिन्यातून तीन-चार कामांना, तीही पुढचा दात पडला तर.

मी मालकांना विचारलं, "मग पाच दिवस ठरवले कुणी?"

ते पाटीकडे बघत राहिले. "बाबांनी. तेव्हा समोरच्या लॅबचे सहा होते."

समोरची लॅब बंद होऊन पंधरा वर्षं झाली. तिथे आता चपलांचं दुकान आहे.

आज निर्णय झाला. दहा दिवस. घाईचं काम असेल तर डॉक्टरांनी तसं लिहून पाठवायचं. रविवारी कुलूप. तक्ता लोकांचाच. पॉलिशच्या जागेची जाहिरात सोमवारी देणार, कारण दिवस वाढले तरी सतरा कामं आपोआप चकाकत नाहीत, हे मालकांना मी नीट उकलून सांगितलं. भट्टीवाला जाणार नाही. मला येऊन सांगितलं नाही त्याने, नुसता एक दात घेऊन आला आणि म्हणाला, "मॅडम, खिडकीत बघता का? मला जरा पिवळा वाटतोय." पिवळा नव्हता. त्यालाही ते ठाऊक होतं.

आनंद व्हायला हवा. झालाय बहुतेक. पण मला कुणावर तरी रागवायचंय आणि माणूस सापडत नाही. मालकांचे बाबा तर केव्हाच गेले.

गुरुवार, २२ मे

आज चार वाजता माझ्या टेबलावर काम नव्हतं. मी दोनदा शोधलं. भट्टीवाला म्हणाला, "मॅडम, घरी जा."

"चार वाजता?"

"लोक जातात," म्हणाला.

गेले. रस्ता ओळखीचा, पण उजेड वेगळाच. दुकानं उघडी, शाळेतून परतणारी पोरं, सगळीकडे माणसंच माणसं. मला वाटायचं की या वेळेला सगळं जग कामात असतं.

घराला कुलूप. मी पर्स उपसली आणि मग लक्षात आलं की माझ्याकडे घराची किल्लीच नाही. कधी लागलीच नाही. हे निवृत्त झाल्यापासून मी आले की दार उघडायला हे असतातच. त्याआधी कुणाकडे असायची, आठवेना. पायरीवर बसले. शेजारीण पाणी हवं का म्हणून विचारून गेली, कौतुकाने बघत.

ह्यांना फोन करावासा वाटला. केला नाही. वाटलं, बघू तरी कुठे जातात.

सव्वासहाला आले. एकटे नाहीत, तिघं-चौघं बरोबर, कुणाच्या तरी बोलण्यावर मोठ्याने हसत. ह्यांचं असं हसणं मी कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं. कोपऱ्यावर त्यांना निरोप देऊन वळले आणि मला पायरीवर बघितलं. हातातली पिशवी खाली पडली. तसेच धावत आले, धाप लागली, चेहरा पांढराफटक.

"काय झालं? कोण गेलं?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "सुटले आज लवकर."

त्यांना ते खरं वाटेना. माझा हात धरून पुन्हा विचारत होते, कुणाला काय झालंय, सांग ना, मी घाबरत नाही. शेवटी मी त्यांना पायरीवर शेजारी बसवलं, आणि मला काही झालेलं नाही हे त्यांना पटेपर्यंत आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो.